बुधवारचं लेक्चर

रिकामा हॉल भरलेला कसा दाखवायचा हे मला कुणी शिकवलं नाही, पण आता त्या कामात माझा हात धरणारं कॉलेजात कुणी उरलेलं नाही. खुर्च्या एकमेकींना चिकटवून मांडायच्या नाहीत. दोन खुर्च्यांमध्ये कोपर मावेल एवढी फट ठेवली की थोडी माणसंही बरीच जागा अडवतात. मागचे दिवे लावायचे नाहीत. फोटोवाल्याला डाव्या खांबाशी असं उभं करायचं की ओसाड बाजू खांबाआड जाईल. आणि पाहुणे स्टेजवर चढायच्या आधी जिन्याच्या तोंडाशी उभं राहून पहिल्या वर्षाचा जो वर्ग सुटेल तो अख्खा वळवून आत घालायचा. मुलं कुरकुरतात, मग बसतात, मग मोबाइल काढतात. मान खाली घालून मोबाइल बघणारी मुलं फोटोत टिपणं काढत असल्यासारखी दिसतात, एवढंच काय ते समाधान.

मी शिकवते संख्याशास्त्र. पण विद्यार्थी उपक्रमांचं जोखड इतकी वर्षं माझ्या मानेवर आहे की मुलं मला ‘हॉलवाल्या मॅडम’ म्हणूनच ओळखतात. वादविवाद, वृक्षारोपण, व्यक्तिमत्त्व विकास, करिअर मार्गदर्शन. विषय बदलतात, खुर्च्या त्याच असतात. संध्याकाळी घरी गेले की आमचे हे शब्दकोड्यातून डोकं वर न काढता विचारतात, आज कुणाला धरून आणलंस? पूर्वी मला या प्रश्नाचा राग यायचा. आता मी पाय गरम पाण्यात सोडते आणि सांगते, पहिल्या वर्षाच्या कॉमर्सला.

मुलं येत नाहीत याचं मला दुःख नव्हतं. त्यांच्या वयात मीही आले नसते. मला थकवत होतं ते वेगळंच. ती येत नाहीत हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी ती येतात असं आम्ही सगळे मिळून दर आठवड्याला नव्याने ठरवत होतो. निवृत्ती जवळ आली होती. तोवर असंच ढकलायचं, असं मी मनाशी म्हणत होते.

बुधवारची खोली मात्र मी भरली नव्हती. ती आपली आपण भरली.

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेमागे मोडक्या सामानाची एक खोली आहे. वसतिगृहातला एक मुलगा, ज्याला सगळे लांबू म्हणतात, आपल्या खोलीतला बंद पडलेला टेबलफॅन घेऊन एकदा तिथे शिरला. बुधवारी दुपारी लेक्चरं नसतात, त्यामुळे त्याला हाकलणारं कुणी नव्हतं. पुढच्या बुधवारी त्याचे दोन मित्र आले, मग एक चष्मेवाली मुलगी तिच्या आजीचा रेडिओ घेऊन आली. इस्त्री, मिक्सर, छत्री, पायमोडकी खुर्ची, जे मिळेल ते ही मंडळी उघडून बसत. कधी दुरुस्त होई, कधी आणखी बिघडे. बिघडलं तरी कुणाचं काही अडत नसे. मी एकदा खोलीची किल्ली परत मागायला म्हणून गेले आणि एका मोडक्या स्टुलावर तासभर बसून राहिले. बऱ्याच महिन्यांनी मी अशा खोलीत बसले होते जिथे कुणाला धरून आणलेलं नव्हतं. किल्ली मी त्यांच्याकडेच राहू दिली आणि वरती कुणाला काही बोलले नाही.

मावशी तिथे कधी येऊ लागल्या ते मला नक्की आठवत नाही. मावशी म्हणजे आमची दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. वय पंचेचाळीसच्या आसपास. एकुलता एक मुलगा नोकरीला लागून परगावी गेला, तेव्हा लग्नात राहून गेलेलं शिक्षण पुरं करायचं त्यांनी मनावर घेतलं. पहिल्या दिवशी त्या वर्गात शिरल्या तर अख्खा वर्ग शिक्षिका समजून उभा राहिला. बिचाऱ्यांना ते कायमचं चिकटलं. मुलं त्यांना मान देत, दारात वाट देत, आणि त्यांच्या शेजारी मात्र कुणी बसत नसे. डबासुद्धा त्या वाचनालयाच्या पायरीवर एकट्याच खात.

बुधवारच्या खोलीत मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लांबू त्यांच्यावर खेकसत होता. काय हे मावशी, पक्कड उलटी धरलीत, असं चालतं का, वगैरे. त्या ओशाळल्या नव्हत्या. पदर खोचून जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला आधी त्याचा उलगडाच होईना. नंतर लक्षात आलं, कॉलेजात आल्यापासून त्यांच्यावर पहिल्यांदाच कुणीतरी खेकसलं होतं.

एकदा फाटकापर्यंत आमची सोबत झाली. तेव्हा त्यांनी हळूच विषय काढला.

“मॅडम, बुधवारचं कुठे लिहू नका. फोटोबिटो नको. घरी मी लेक्चर असतं म्हणून सांगितलंय.”

मग एकेक करून सगळं सांगितलं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांच्यापाशी सतत कुणीतरी लागतं. नवरा बस चालवतो, त्याची ड्युटी दुपारनंतरची, म्हणून सकाळची लेक्चरं जमतात. बुधवारी दुपारी पलीकडच्या गल्लीतून धाकटी जाऊ येऊन बसते, ती लेक्चर आहे म्हणून. शिक्षणासाठी म्हटलं की घरात कुणी अडवत नाही. पण ह्या वयात पंखे उघडायला जाते म्हटलं तर दुसऱ्याच दिवशी बंद. मी विचारलं, समजा बुधवार बंद झाला तर?

“मग बाकीचे दिवसही ओढवणार नाहीत मला. आठवडाभर इथे माझ्याशी कुणी शब्द बोलत नाही हो. त्या एका दुपारच्या जोरावर मी येते.”

कुठे लिहिणार नाही, असं मी कबूल केलं. कॉलेजातली एक तरी खरी गोष्ट न लिहिता राहतेय याचं मला उलट बरंच वाटलं.

त्याच वर्षी आमच्याकडे मूल्यांकन समिती यायची होती. समिती येणार म्हटल्यावर कॉलेजच्या भिंतींना रंग लागतो आणि माणसांचा उडतो. बैठकांवर बैठका सुरू झाल्या. यंदा समितीचा भर ‘विद्यार्थी सहभागा’वर आहे असं प्राचार्यांना कुठून तरी कळलं होतं. नुसत्या फोटोंवर भागणार नाही, एखादा जिवंत उपक्रम दाखवावा लागेल, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं.

तेवढ्यात आमचे उत्साहमूर्ती बोलले. हे नाव स्टाफरूमने ठेवलेलं. नुकताच लागलेला तरुण प्राध्यापक, मनाने निर्मळ, पण एका जागी बसवत नाही. त्याने म्हणे बुधवारी प्रयोगशाळेमागून जाताना खोलीतून हसण्याचा आवाज ऐकला होता. डोकावला तर मुलं दुरुस्तीचं काम करत होती. कुणी सांगितलेलं नसताना, यावर त्याने दोनदा जोर दिला.

मी सावरायचा प्रयत्न केला. म्हटलं, ती खोली अंधारी आहे, झुरळं आहेत, मुलं चार-पाचच असतात, त्यातली निम्मी गप्पा मारायला येतात. पण प्राचार्यांचे डोळे लकाकले होते. हा तर रत्नांचा साठाच सापडला म्हणाले. चार-पाच असतील तर साठ करू. खोली अंधारी असेल तर हॉलमध्ये आणू. मला तिथेच हात टेकावेसे वाटले, पण मावशींना दिलेला शब्द आठवून मी आणखी एकदा म्हटलं, हे असं उचलून हॉलमध्ये ठेवलं तर ते राहणार नाही. प्राचार्यांनी समजुतीने मान हलवली आणि सांगितलं की फलकाचा रंग निळा ठेवा.

साठ मुलं उत्साहमूर्तींनी दोन दिवसांत उभी केली. त्यांना एकसारखे टीशर्ट दिले, प्रत्येकाला एक स्क्रूड्रायव्हर दिला. त्यानंतर खरी पंचाईत पुढे आली. दुरुस्त करायला बिघडलेली वस्तूच नव्हती. खोलीतलं होतं नव्हतं ते लांबूच्या कंपूने आधीच दुरुस्त करून टाकलं होतं. मुलांना घरून मोडक्या वस्तू आणायला सांगितल्या तर आयांनी पाठवल्या नाहीत, उलट कॉलेजात वस्तू हरवतात म्हणून कळवलं. शेवटी प्राचार्यांनीच तोडगा काढला. वर्गांतले चालू पंखे उतरवायचे, आतली एकेक तार सोडवायची, आणि समितीसमोर मुलांनी ती जोडायची.

प्रयोगशाळेतले दादा हे काम ऐकून माझ्याकडे आले. इतक्या वर्षांच्या नोकरीत चालू पंखा बिघडवायचा हुकूम कधी झाला नव्हता, लेखी मिळेल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दादा, बिघडवा. ते बिचारे शिडी घेऊन निघाले. आठवडाभर मुलं घामाघूम होऊन वर्गात बसली आणि त्यांच्या डोक्यावर छताचे नुसते लोखंडी आकडे दिसत राहिले.

मला घोर होता तो एकाच गोष्टीचा. समितीच्या दिवशी फोटोवाला सगळीकडे फिरणार, आणि हल्ली कॉलेज असे फोटो कार्यक्रम संपायच्या आत पालकांच्या फोनवर धाडतं. जिच्या नावापुढे पालक म्हणून नवऱ्याचा नंबर आहे अशी विद्यार्थिनी अख्ख्या कॉलेजात एकच होती. मावशींना मी म्हटलं, त्या दिवशी येऊच नका. पण हजेरी सक्तीची होती, आणि गैरहजर राहिलं तर तोही निरोप घरीच जाणार होता. म्हणजे आलं तरी घरी कळणार, नाही आलं तरी कळणार. आम्ही दोघी वाचनालयाच्या पायरीवर बसून विचार करत राहिलो आणि मला सुचलं ते माझ्या धंद्याला साजेसंच होतं.

पालकांच्या खुर्च्या. समितीला दाखवायला पंधरा-वीस पालक बोलावलेले असतात, त्यातले निम्मे येतात. मावशींना मी तिथे बसवलं, उजवीकडच्या ओसाड बाजूला, खांबाआड. टीशर्ट नको, साडी नेसून या म्हणाले. हजेरी मी लावली. इतकी वर्षं मी न आलेल्यांना आलेलं दाखवत होते. त्या दिवशी खरोखर आलेल्या एकीला मी फोटोपुरती न आलेली करून ठेवलं.

समिती आली. हॉलमध्ये साठ मुलं साठ स्क्रूड्रायव्हर हातात धरून उभी होती आणि त्यांतल्या फार तर पाच जणांना त्याचं काय करायचं ते माहीत होतं. लांबू कोपऱ्यात टीशर्टात अंग चोरून उभा होता. समितीच्या अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या, भारी शरीराच्या, गुडघ्यांनी बेजार झालेल्या. दोन टेबलं पाहून झाल्यावर त्यांना उभं राहवेना. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि सरळ खांबाआडच्या खुर्च्यांकडे चालत जाऊन मावशींच्या शेजारी बसल्या. त्यांच्या मागोमाग प्राचार्य आले आणि प्राचार्यांच्या मागोमाग उत्साहमूर्ती आणि फोटोवाला.

बाईंनी गुडघा चोळत मावशींना विचारलं, “तुमची मुलगी आहे का यांच्यात?”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

“आहे,” त्या म्हणाल्या.

“आवडतं तिला हे?”

“तिला काय आवडतं ते आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मधेच शिक्षण सुटलं, मग घरकाम. आता येते ती बुधवारी. घरी खोटं सांगून येते.”

प्राचार्य घाईघाईने हसले. बाई मात्र हसल्या नाहीत.

“आणि तुम्ही तिला सामील?”

“मी नाही तर कोण होणार हो तिला सामील? घरी गेली की हाताला तेलाचा वास असतो, तो जाईस्तोवर साबण लावते. पण त्या दिवशी तिची चिडचिड नसते. भाकरीसुद्धा नीट होते.”

“नशीबवान आहे तुमची मुलगी,” बाई म्हणाल्या. “कुठली ती? बोलवा तिला.”

मावशींनी हॉलभर नजर फिरवली, जणू खरंच शोधताहेत. “आज नाही आली,” त्या म्हणाल्या. “तिला गर्दी नको वाटते.”

फोटो तेव्हाच निघाला.

समिती खूश होऊन गेली. पंखे मात्र खूश नव्हते. साठ हातांनी जोडलेल्या त्या पंख्यांपैकी बरेच परत वर टांगल्यावर फिरेचनात, आणि दादा पुढचे कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी घरी मी पाय पाण्यात सोडून बसले होते तेव्हा फोन वाजला. कॉलेजकडून सगळ्या पालकांना आणि शिक्षकांना एक फोटो आला होता. अध्यक्षबाई आणि मावशी, गुडघ्याला गुडघा लावून. खाली लिहिलं होतं, ‘दुरुस्ती उपक्रमातील एका विद्यार्थिनीच्या मातेचे हृद्य मनोगत’. शिवाय उत्साहमूर्तींनी ते मनोगत शब्दन् शब्द घातलं होतं.

आमच्या ह्यांनी वाचून विचारलं, ही कोण? मी म्हटलं, माझ्या हातून बुडालेली बाई. मग मला रडू आलं. इतक्या वर्षांत मी कॉलेजच्या कामासाठी रडले नव्हते. ह्यांनी शब्दकोडं बाजूला ठेवलं आणि पाण्यात आणखी गरम पाणी ओतलं.

सोमवारी मावशी वर्गात नव्हत्या. मंगळवारी स्टाफरूमच्या दाराशी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. हातात पिशवी, घाईने आल्यासारख्या. मावशींची धाकटी जाऊ म्हणून त्यांनी ओळख सांगितली. मी त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं आणि खुलासा करायला तोंड उघडलं, तर त्यांनी मला थांबवलं. बुधवारी लेक्चर नसतं हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. लेक्चरहून आलेल्या माणसाच्या नखांत ग्रीस नसतं, म्हणाल्या. पण फोटो मोठ्या भावजींच्या, म्हणजे मावशींच्या नवऱ्याच्या, फोनवर आला होता. आपल्याला मुलगी कुठे आहे, हा प्रश्न ते शनिवारपासून घरात सगळ्यांना विचारत होते. मावशी काहीच बोलत नव्हत्या. आता ते ड्युटी बदलून घेऊन उद्या बुधवारी स्वतः कॉलेजात यायचे होते.

“तुम्ही एवढंच सांगा, लेक्चर असतं,” जाऊबाई म्हणाल्या. “बाकी मी घरी निभावते.”

मी विचारलं, तुम्ही का एवढं करता? सासूबाईंपाशी बसायचं, वर हे. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“मला कुठे जायचं नसतं. जिला जायचं असतं तिने जावं.”

खोटं बोलायचा मला सराव होता. हॉलभर माणसं नसताना आहेत म्हणून सांगणारी मी, एका नवऱ्याला एक लेक्चर आहे म्हणून सांगणं माझ्या डाव्या हातचा मळ. पण रात्रभर मला तेच टोचत राहिलं. याआधीचं सगळं खोटं कॉलेजसाठी होतं आणि ते बोलताना मला कधी धडधडलं नव्हतं.

मोडक्या सामानाच्या खोलीला तोवर निळा फलक लागला होता, आणि नवीन कुलूपही. किल्ली ऑफिसात. दर बुधवारी हॉलमध्ये साठ जणांची सक्तीची दुरुस्ती, असा आदेशही निघाला होता, जो पुढे दोन-तीन आठवड्यांत आपसूक विरला. मी लांबूला बोलावलं आणि सांगितलं, तुमचा कंपू आणि तुमचं सामान उद्या वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या वर्गात आणा. तिथे माझं जादा लेक्चर आहे. तो म्हणाला, मॅडम, संख्याशास्त्राचं? मी म्हटलं, हो, आणि तोंड मिटून यायचं.

बुधवारी दुपारी मावशी आल्या त्या नवऱ्याबरोबरच. माणूस मध्यम उंचीचा, अंगावर इस्त्रीचा शर्ट, डोळे झोप न झालेले. दिवसभर गर्दीत गाडी हाकणाऱ्या माणसाला आरडाओरडा करायची हौस नसते. त्याने शांतपणे विचारलं, बुधवारी नक्की काय असतं?

“लेक्चर असतं,” मी म्हटलं. “माझंच असतं.”

“फोटोत ते मुलगीबिलगी काय होतं?”

फोटोखाली काय लिहायचं ते ऑफिस ठरवतं, मी म्हटलं. ही गोष्ट निदान खरी होती. मावशी भिंतीकडे बघत उभ्या होत्या. त्यांच्या हातातली वही कोरी होती हे मला दिसत होतं, त्यालाही दिसत असणार.

“ठीक,” तो म्हणाला. “मी बाहेर बसतो. संपलं की बरोबरच जाऊ.”

व्हरांड्यात दाराला लागूनच बाक होता. तो त्यावर बसला. आम्ही आत गेलो आणि मी दार लोटून घेतलं. आत लांबू, त्याचे दोन मित्र, चष्मेवाली मुलगी, आणि टेबलावर वर्गांतले न फिरणारे तीन पंखे. सगळे माझ्याकडे बघत राहिले. बाहेर बाक कुरकुरला. मग मी खडू उचलला, फळ्यावर ‘सरासरी आणि विचलन’ असं लिहिलं, आणि पार जिन्यापर्यंत जाईल अशा आवाजात शिकवायला सुरुवात केली.

इतकं मोठ्याने मी कधी शिकवलं नसेल. सरासरी म्हणजे काय, ती का काढतात, ती कुणाचीच खरी नसते तरी सगळ्यांची म्हणून कशी सांगतात. मुलांनी आवाज न करता पंखे उघडले. एकमेकांना खुणेने स्क्रू मागत होते. मावशी आधी वही उघडून पुढच्या बाकावर ताठ बसल्या होत्या. थोड्या वेळाने चष्मेवालीने त्यांच्यापुढे एक पंखा सरकवला. त्यांनी दाराकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि खाली मांडी घातली. मी विचलनावर आले. घसा बसत चालला होता, पाय भरून आले होते, आणि माझ्या लेक्चरकडे वर्गातल्या एकाचंही लक्ष नव्हतं. तरी मला थांबावंसं वाटत नव्हतं.

मावशींनी तार जोडली, झाकण बसवलं, लांबूकडे पाहिलं. त्याने पिन लावून दिली. त्यांनी बटण दाबलं आणि पंखा असा काही भणभणाट करत सुरू झाला की फळ्यावरची खडूची धूळ उडून माझ्या तोंडावर आली. लांबू खो-खो हसला. मावशी तोंडावर हात धरून हसायला लागल्या, मग हात सुटला. बंद करायचं कुणाला सुचेना.

दार उघडलं. तो उभा होता. त्याने फळा पाहिला, मला पाहिलं, पोरांना पाहिलं. मग आपल्या बायकोकडे पाहिलं. ती जमिनीवर बसली होती, केस वाऱ्याने उडालेले, कोपरापर्यंत काळी झालेली, आणि हसू अजून पुरतं आवरलेलं नव्हतं. ते आवरायला मावशींना त्याच्या देखत वेळ लागला. पंखा फिरत राहिला. कुणीतरी पिन काढली तेव्हा एकदम शांत झालं.

मी खडू हातात धरून उभी होते आणि इतकी दमले होते की खोटं सुचेनासं झालं होतं.

“अजून किती वेळ आहे लेक्चर?” त्याने विचारलं.

“पाऊण तास,” मी म्हटलं.

तो पुन्हा मावशींकडे बघत राहिला. मग म्हणाला, “होऊ द्या,” आणि दार ओढून घेऊन परत बाकावर जाऊन बसला.

आम्ही सगळे तसेच होतो. फळ्यासमोर मला पुढचं काहीच आठवेना. मी विचारलं, कुठे होते मी?

“सरासरी कुणाचीच खरी नसते,” मावशी म्हणाल्या. त्यांनी डोळे दंडाला पुसले आणि दुसरा पंखा पुढे ओढला. “तिथून पुढे सांगा, मॅडम. जरा मोठ्याने. त्यांना ऐकू जाऊ दे.”